दोन हातांचं औषध

फुप्फुसाचा कॅन्सर म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो विडी-सिगारेट ओढणारा पुरुष. त्यामुळे जन्मात कधी तंबाखूला हात न लावलेल्या बाईला हा रोग निघाला, की घरातली माणसं आधी गोंधळतात आणि मग नको ते विचारत बसतात. "मिश्री लावत होता का हो?" "चुलीवर स्वयंपाक करायचात का?" म्हणजे आजारी बाईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं! चुलीचा आणि दगडी कोळशाचा धूर वाईटच, त्यात शंका नाही. पण अशा कितीतरी बायकांच्या गाठीत मूळ सापडतं ते निराळंच. फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत, जन्मानंतर केव्हातरी, एका जनुकात बदल घडलेला असतो. तो सहसा माहेरकडून आलेला नसतो, आणि लेकीबाळींकडे वारशाने जायचाही नसतो. त्यात त्या बाईचा काडीइतका दोष नाही.

या जनुकाचं नाव ईजीएफआर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कॅन्सरचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा नावाचा जो प्रकार आहे, त्याच्या ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी त्यांनी तपासल्या. शेकडा २३ जणांत हा बदल आढळला. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक, आणि धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा न करणाऱ्यांत अधिक. म्हणजे आपल्या घरातली जी बाई या रोगाच्या संशयाच्या यादीत शेवटी असते, तिच्याच गाठीत हा बदल सापडण्याचा संभव जास्त! म्हणून ही चार अक्षरं आपण बायकांनी नीट ओळखून ठेवायला हवीत. गेल्या काही वर्षांत या ईजीएफआरला धरणारी एक नव्याच घडणीची औषधं आली आहेत. एकाच रेणूला दोन हात, आणि दोन्ही हातांची पकड वेगवेगळ्या वस्तूंवर. ती समजून घ्यायची, तर आधी एका बाईच्या शिवणाच्या सुईकडे वळायला हवं.

निजण्याच्या खोलीतली प्रयोगशाळा

इटलीतल्या तुरीन शहरात रिटा लेवी-मोंताल्चिनी नावाची एक तरुण डॉक्टरीण होती. जन्म १९०९ चा, घराणं ज्यू. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि तिची विद्यापीठातली जागा गेली. दुसरी एखादी रडत बसली असती. रिटाबाईंनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून घासून धारदार केल्या आणि त्या सुयांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचे मज्जातंतू त्या सोडवू लागल्या. गर्भातला तंतू वाढतो कसा, आणि कुणाच्या सांगण्यावरून वाढतो, हा त्यांचा ध्यास. शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा अंडी आणि सुया घेऊन त्या खेडेगावातल्या घरी गेल्या आणि तिथे पुन्हा तेच सुरू!

लढाई संपल्यावर, १९४७ साली, त्या अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्या. उंदराच्या एका प्रकारच्या गाठीतून असं काहीतरी पाझरतं, की त्यामुळे मज्जातंतू भराभरा वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते तपासायला त्या ब्राझीलला गेल्या, त्या चक्क हातातल्या पर्समध्ये दोन उंदीर लपवून! विमानात शेजारी बसलेल्या प्रवाशाला कळलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

पुढे स्टॅन्ले कोहेन हे रसायनतज्ज्ञ त्यांच्या जोडीला आले. तो वाढ करणारा पदार्थ उंदराच्या लाळग्रंथीत भरपूर असतो असं दिसलं. त्या ग्रंथींचा अर्क नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना टोचला, तेव्हा कोहेन यांना एक गंमत दिसली. उंदराची पिल्लं एरवी बारा-चौदा दिवसांनी डोळे उघडतात. या पिल्लांनी सहा-सात दिवसांतच उघडले. दातही लवकर आले. म्हणजे त्या अर्कात आणखी एक निराळा पदार्थ होता, जो कातडीच्या पेशींना "वाढा, वाढा" असं सांगत होता. कोहेन यांनी तो पुढे नॅशव्हिलमध्ये वेगळा काढून दाखवला आणि १९६२ साली प्रसिद्ध केला. त्यालाच म्हणतात ईजीएफ. दोघांना मिळून १९८६ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. रिटाबाई १०३ वर्षं जगल्या, २०१२ पर्यंत.

ही हकीकत जरा लांबली खरी. पण आज फुप्फुसाच्या कॅन्सरवर जी औषधं निघताहेत, त्यांचा उगम या सुयांत आणि उंदरांच्या डोळ्यांत आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

अडकून बसलेली बेल

ईजीएफ हा निरोप झाला. निरोप्याला घरात शिरता येत नाही. तो दारावरची बेल वाजवतो. ती बेल म्हणजे ईजीएफआर. शेवटचा 'आर' हा रिसेप्टर या शब्दातला. ही बेल पेशीच्या पडद्यात आरपार बसवलेली असते. बटण बाहेर, आवाज आत. निरोप आला, की बाहेर दोन बेली एकमेकींना बिलगतात, आत खूण पोचते आणि पेशी कामाला लागते: एकीच्या दोन होते, जखम भरते, कातडी नवी येते. काम झालं की बेल थांबते. निरोगी शरीरात हे अहोरात्र चाललेलंच असतं.

जनुक बिघडलं की बेलचं बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून बसतं. दारात कुणी नाही, तरी आत घणघण चालूच! पेशी बिचारी वाढत सुटते. त्याचीच पुढे गाठ होते.

हा बिघाड बॉस्टनच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २००४ साली ओळखला. गेफिटिनिब नावाच्या गोळीने काही थोड्याच रुग्णांना आश्चर्यकारक गुण येतो आणि बाकीच्यांना येत नाही, असं का, हे शोधता शोधता ही गोष्ट उघडकीला आली. गोळी पेशीच्या आत जाऊन बेलची तार धरून ठेवते. तेव्हापासून गेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफाटिनिब, ओसिमर्टिनिब अशी गोळ्यांची रांगच लागली. रोज एक गोळी, घरच्या घरी. गेफिटिनिबसारख्या गोळ्या आता भारतीय बनावटीच्या मिळतात आणि त्या बऱ्याच स्वस्त आहेत. ज्यांना या गोळ्या लागू पडतात, त्या बायका महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं घरचं सारं करताना दिसतात.

मग नव्या औषधाची गरज काय? गरज दोन कारणांनी पडली.

एक म्हणजे, कॅन्सर हा मोठा लबाड पाहुणा आहे. पुढचं दार लावलं की तो मागच्या दाराने येतो. पेशीच्या अंगावर 'मेट' नावाची दुसरीही बेल असते; तिला निरोप देणारा पदार्थ निराळा. गोळीने ईजीएफआरची बेल बंद केली, की काही गाठी मेटच्या बेली भराभर वाढवतात आणि आतलं काम तसंच चालू ठेवतात. ही वाट २००७ साली उमगली. दुसरं कारण असं, की ईजीएफआरमधला बिघाड सगळ्यांचा सारखा नसतो. एक्झॉन २० नावाच्या भागात काही रुग्णांच्या जनुकात जादा अक्षरं घुसलेली असतात. तिथे गोळी बसायची खोबणीच आक्रसून जाते आणि नेहमीच्या गोळ्या तिथे नीट बसत नाहीत. असे रुग्ण ईजीएफआरच्या शंभर रुग्णांत जेमतेम दहा, किंवा त्याहूनही कमी. पण ज्या घरात तो एक असतो, त्या घराला हे आकडे काय करायचे?

टिचबटणाची युक्ती

शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला पकडायला आपलं रक्त अँटीबॉडी तयार करतं. तिचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा: खाली दांडा, वर दोन हात. निसर्गात हे दोन्ही हात सारखेच असतात. दोन्ही एकच वस्तू धरतात. १९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिल्स्टीन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तेवढी तयार करण्याची रीत काढली, आणि तेव्हापासून औषध म्हणून तिचा वापर वाढत गेला. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रॅस्टुझुमॅब पुष्कळ मैत्रिणींच्या ओळखीचं असेल. ते असंच, १९९८ पासूनचं.

दोन हात दोन जातींचे करावेत ही कल्पना तशी जुनी, १९६० च्या सुमाराची. पण करायचे कसे? दोन वेगवेगळ्या अँटीबॉडी एकाच भांड्यात घडवायला गेलं, की त्यांचे तुकडे वाटेल तसे जुळतात. चार जोड चपला अंधारात एका पिशवीत टाकल्यासारखं होतं. योग्य जोडी क्वचित हाताला लागते.

यातून वाट दाखवली ती आपल्याच शरीराने. माणसाच्या रक्तातली एका प्रकारची अँटीबॉडी मधूनमधून उभी दुभंगते आणि शेजारणीशी अर्धा भाग बदलून घेते, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांना दिसलं. ते २००७ साली प्रसिद्ध झालं. साध्या शब्दांत सांगायचं, तर दोन जावा आपल्या बांगड्या आपसात बदलतात तसं! जेनमॅब कंपनीने हीच युक्ती उचलली. दोन अँटीबॉडी वेगवेगळ्या भांड्यांत करायच्या: एक ईजीएफआर धरणारी, दुसरी मेट धरणारी. प्रत्येकीच्या दांड्यात एका ठिकाणी एकच बारीकसा बदल करून ठेवायचा. मग दोघी एकत्र करून त्यांचे सांधे रासायनिक रीतीने थोडे सैल करायचे. दोघी दुभंगतात. आता पुन्हा जुळताना कोण कुणाशी जुळणार? ब्लाउजचं टिचबटण आठवा. खोबणीचा भाग खोबणीत बसत नाही, टोकाचा टोकात बसत नाही. खोबणी आणि टोक असेल तरच 'टिच' वाजतं. त्या बारीक बदलांमुळे इथेही तसंच होतं. आपलीच अर्धी आपल्याशी पुन्हा जुळण्यापेक्षा परकीशी जोडी जास्त घट्ट बसते. सैल केलेले सांधे मग पुन्हा आवळले, की तयार झाली दोन निराळ्या हातांची अँटीबॉडी.

असं घडवलेलं औषध म्हणजे अमिव्हँटामॅब. ते बाजारात आणलं जॅन्सेनने, म्हणजे बाळाच्या पावडरीमुळे एकेकाळी घराघरांत पोचलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्याच औषध विभागाने. एका हाताने ते ईजीएफआर धरतं, दुसऱ्या हाताने मेट. गोळी आत जाऊन तार धरते. हे मात्र बाहेरूनच बटण झाकतं, म्हणून आतली खोबणी आक्रसली असली तरी त्याचं अडत नाही. शिवाय त्याने धरलेल्या बेली पेशी स्वतःच आत ओढून मोडीत काढते, आणि खालचा दांडा आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशींना "इकडे या" म्हणून बोलावतो. तापलेलं पातेलं सांडशीच्या दोन्ही पात्यांत धरावं, तसा हा प्रकार.

फायदा किती?

अमेरिकेत या औषधाला २०२१ च्या मे महिन्यात परवानगी मिळाली, तीही आधी फक्त त्या एक्झॉन २० वाल्या रुग्णांसाठी आणि केमोथेरपी होऊनही रोग वाढला तर. पुढे ३०८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली; तिचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या केमोथेरपीने रोग आटोक्यात राहिला तो मध्यमानाने ६.७ महिने, आणि केमोबरोबर अमिव्हँटामॅब दिलं तेव्हा ११.४ महिने.

नेहमीच्या प्रकारच्या ईजीएफआर बिघाडासाठी आणखी एक मोठी चाचणी झाली, १०७४ रुग्णांची. त्यात अमिव्हँटामॅबबरोबर लाझर्टिनिब नावाची गोळी दिली आणि तुलना केली ती ओसिमर्टिनिबशी. रोग दबून राहण्याचा काळ २३.७ महिने विरुद्ध १६.६ महिने. तीन वर्षांनी हयात होते ते पहिल्या गटात शेकडा ६०, दुसऱ्यात ५१.

हे आकडे मुद्दाम जसेच्या तसे दिले आहेत. "चमत्कार", "रामबाण" असले शब्द वर्तमानपत्रांत वाचून घरचे लोक जमीनजुमला विकायला निघतात. हा रामबाण नाही. पसरलेला कॅन्सर याने मुळासकट जात नाही. काही महिने, कधी वर्षं जास्त मिळतात. ती मुलीच्या लग्नापर्यंतची, नातवाच्या बारशापर्यंतची असू शकतात, आणि त्यांचं मोल बाहेरच्या माणसाने ठरवू नये. पण किंमत मध्यमवर्गी घराच्या आवाक्याबाहेरची आहे, हेही स्वच्छ सांगायला हवं. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात आणि खुद्द डॉक्टरांना "याला काही सवलत आहे का? आणि नाही घेतलं तर किती फरक पडेल?" असं विचारण्यात संकोच धरू नये. कित्येकींच्या बाबतीत "आत्ता गोळी पुरे" असंच उत्तर येईल, आणि ते उत्तर काही कमी प्रतीचं नव्हे.

याच जातीची दुसरी औषधंही येताहेत. २०२४ च्या अखेरीला अमेरिकेत दोघांना परवानगी मिळाली: पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी झानिडाटामॅब, ज्याचे दोन हात एचईआर-२ या एकाच रिसेप्टरला दोन जागी धरतात, आणि अगदी विरळ अशा एका जनुकबदलासाठी झेनोक्युटुझुमॅब, ज्याचा एक हात एचईआर-२ वर आणि दुसरा एचईआर-३ वर. स्तनाच्या कॅन्सरमुळे एचईआर-२ हे नाव आपल्या कानावरून गेलेलं आहेच.

घरच्या माणसांनी काय बघायचं?

औषध सलाइनमधून शिरेत देतात. पहिला डोस दोन दिवसांत वाटून, कारण पहिल्या दिवशी थंडी वाजणं, धाप लागणं, मळमळ, चेहरा लाल होणं असा त्रास शंभरात साठ-सत्तर जणांना होतो. म्हणून पहिल्या दिवशी बरोबर कुणीतरी जावंच, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची सोय दुसऱ्या कुणीतरी करावी. पुढच्या खेपांना हा त्रास क्वचितच होतो. आता पोटाच्या कातडीखाली पाच मिनिटांत देता येणारं इंजेक्शनही निघालं आहे. त्याच्या चाचणीत हा त्रास शेकडा ६६ वरून १३ वर आला, आणि युरोपात त्याला २०२५ साली मान्यता मिळाली.

खरी कसोटी घरी लागते, ती कातडीची. आठवतं ना, ईजीएफ हा मुळात कातडी वाढवणारा निरोप? तो अडवला की कातडी कुरकुरणारच. चेहऱ्यावर, छातीवर, डोक्यात मुरमांसारखं पुरळ येतं, नखांच्या कडा सुजून दुखतात, तोंड येतं. याला मुरूम समजून हळद, बेसन, लिंबू, तुरटी यांतलं काहीही लावू नये. सुवासिक साबण आणि स्पिरिट असलेली लोशनं बंद. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा हलक्या हाताने चोळावं. बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचं सुती पोलकं, पदर डोक्यावरून, आणि छत्री. ऊन औषध चालू असताना आणि संपल्यावरही दोन महिने टाळायचं आहे. भांडी आणि धुणं त्या बाईच्या हातून काढून घ्यावं. अगदीच ऐकत नसेल तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे द्यावेत. नखं फार खोल कापू नयेत. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश, आणि जेवणात तिखट नको. मऊ भात, ताक, गार केलेली खिचडी. पुरळ येण्याआधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविकाच्या गोळ्या, नखांना जंतुनाशक आणि कातडीला मॉइश्चरायझर अशी तयारी ठेवली, तर त्रासाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर येतं, असं २०२५ साली एका चाचणीत दिसून आलं. म्हणून पहिल्याच भेटीत "कातडीसाठी आधीपासून काय घ्यायचं?" हे विचारून घ्यावं.

काही गोष्टी मात्र सकाळपर्यंत थांबवायच्या नाहीत. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, छातीत दुखणं, एकाएकी धाप लागणं किंवा नवा खोकला सुरू होणं, डोळा लाल होऊन दुखणं. लाझर्टिनिबबरोबर हे औषध घेताना रक्तात गुठळ्या होण्याची भीती असते. त्यासाठी पहिले चार महिने रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. ते एकही दिवस चुकवू नये. आणि ज्यांची पाळी अजून चालू आहे त्यांनी उपचार चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर तीन महिने दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्यायला हवी. हे बायका विचारायला लाजतात आणि डॉक्टर सांगायला विसरतात, म्हणून इथे लिहिलं.

तपासणी आधी, औषध मग

हे सगळं तेव्हाच कामाचं, जेव्हा कुठला बिघाड आहे हे कळतं. आपल्याकडे तीन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला आधी "हवा बदलली" म्हणून काढ्यावर निघतो, आणि मग नुसत्या एक्स-रेवरून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. क्षय असेलही. पण थुंकी तपासून तो सिद्ध झाला आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. थुंकीत काही सापडलं नाही आणि गोळ्यांनी गुणही येत नाही, तर पुढच्या तपासण्या लांबवू नयेत. गाठीचा तुकडा काढून कॅन्सर निघालाच, तर प्रकृतीला आठ-दहा दिवस थांबणं झेपत असेल तोवर, केमोथेरपी सुरू करण्याआधी "जीन तपासणी झाली का?" हे विचारावं. साध्या पीसीआर तपासणीत एक्झॉन २० चे बरेचसे बदल निसटतात. एनजीएस नावाची मोठी तपासणी ते पकडते. ती महाग असते. परवडत नसेल तर निदान नेहमीचे दोन बदल तरी बघून घ्यावेत, कारण त्यांच्यावरच्या गोळ्या आवाक्यातल्या आहेत.

गाठीचा तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो. अहवालाच्या कागदाइतकाच तो मोलाचा, कारण वर्ष-दोन वर्षांनी नवी तपासणी निघाली तर बाईला पुन्हा सुई न टोचता त्यातूनच ती करता येऊ शकते. हॉस्पिटल बदलताना तो अर्ज करून मागून घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. लहान प्लॅस्टिकच्या डबीत, उन्हापासून आणि शेगडीपासून लांब, कोरड्या जागी ठेवावा. डबीवर नाव, तारीख आणि हॉस्पिटलचा केस नंबर लिहावा, आणि मुलांना सांगून ठेवावं की ही डबी साफसफाईत टाकायची नाही.